आटपाडीतला समुद्र

मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. मेव्हण्याची जळालेली पाण्याची मोटार घेऊन मी आटपाडीतल्या त्याच्या दुकानात शिरलो, तर तांब्याच्या तारांच्या ढिगामागे काचेची टाकी, वर निळा दिवा, आणि आत खाऱ्या पाण्यात पोवळ्याचा तुकडा आणि नारिंगी पट्ट्यांचा एकच मासा. दुकानदार दिव्याची दोरी बोटभर वर ओढत होता.

"दिवा लय खाली आला की पोवळं भाजतंय," तो म्हणाला.

मी वाईचा. घाटावर मासे दिसले की चुरमुरे टाकायचे, ही लहानपणापासूनची सवय. हातातल्या पुडीतलं भडंग कधी टाकीत पडलं, माझं मलाच कळलं नाही.

त्याने बाहीसकट हात पाण्यात घातला आणि एकेक तेलकट दाणा वेचून काढू लागला.

"आवं पावनं, ह्यो काय नदीचा घाट हाय व्हय? पानी मुरस्तवर महिनाभर नुसतं दगूड आन् मीठपाणी ठिवलं, तवा कुठं ह्यो जगला. ह्याच्या आधीचं दोन गेलं."

मी ओशाळलो, पण रागही आला. "इथं प्यायला टँकरचं पाणी," मी म्हणालो, "आणि तुम्ही समुद्र पाळताय?"

"समदं गाव त्येच इचारतंय." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "समुद्राकाठी ऱ्हानारा कशाला समुद्र पाळंल?"

बाहीतून पाणी ठिबकत होतं. तो अजून दाणे शोधत होता.

आमच्या वाईला कृष्णा आहे. तिच्यात पडलेलं काही वेचायला मी आजवर बाही भिजवलेली नाही.