गोऱ्या मॅडमचा पगार

आमच्याकडं जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला दोन गोष्टी बिनदिक्कत विचारतात. पावणं कुठलं, आणि पगार किती. नारायणगाव ते येडगाव एवढ्याशा रस्त्यात माणूस तुमची सगळी माहिती काढून घेतो आणि उतरताना "बरंय मंग" म्हणून चालायला लागतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट जो पगार सांगत नाही तो एकतर बेकार, नाहीतर भरमसाट कमावणारा, असं धरून चालतात. गोऱ्या मॅडम बेकार तर नव्हत्या. मग सगळ्यांनी दुसरंच धरलं. मीही धरलं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. हायवेलगत इंग्रजी माध्यमाची एक शाळा निघाली होती आणि ती उघडली त्या दिवसापासून मी तिथं इंग्रजी शिकवत होते. एम.ए., बी.एड. झालेली. पण माझ्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता नव्हती. मान्यता आली की नोकरी पक्की. ती नसली की दर जूनला नव्यानं हात जोडायचे. संस्थेचे अध्यक्ष टोमॅटोचे बडे आडतदार. दरवर्षी म्हणायचे, "बाई, औंदा तुमची फाईल पाठवतोच बघा." फाईल काही जागची हलायची नाही. मी मूग गिळून शिकवत राहायचे, कारण दुसरीकडं जागा नव्हती आणि घरी सगळ्यांना वाटत होतं की सूनबाई आज ना उद्या पक्क्या होणार.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेले तर स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीवर एक गोरी मुलगी बसलेली. मुलगीच म्हणायची, मिसरूड फुटलेल्या आमच्या दहावीतल्या पोरांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. अध्यक्षांनी ओळख करून दिली, "ह्या खास लंडनहून आपल्यासाठी आल्यात. आता इंग्रजी वरिजिनल मिळणार." दुसऱ्या दिवशी हायवेच्या कडेला तिच्या फोटोचा बोर्ड लागला. जीपवाले तिथं मुद्दाम गाडी हळू करायचे.

मी पहिल्याच आठवड्यात तिला तिचं शिक्षण विचारलं. लपवाछपवी अजिबात नाही. म्हणाली, शाळा संपवलीय, कॉलेजला पुढच्या वर्षी जाईन. आणि शिकवण्याचं? तर म्हणे काही शनिवार-रविवार एक कोर्स केला. तेवढ्यावर जगात कुठंही इंग्रजी शिकवता येतं. शेवटचं वाक्य ती इतक्या निरागसपणे बोलली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही पुण्याला खोली करून एम.ए. करायचं, बी.एड.ला पाठ टाचणं काढून बोटं मोडून घ्यायची, आणि हिचं शनिवार-रविवार!

बरं, मुलगी वाईट असती तर सोपं झालं असतं. ती मला 'ताई' म्हणायची. माझ्या तासाला मागच्या बाकावर बसून मी कशी शिकवते ते बघायची आणि तेच दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात करायची. मला त्याचाही राग यायचा. माझंच शिकवणं उचलायचं, आणि बोर्डावर फोटो कुणाचा? बिबट्याच्या भीतीनं तिला अंधार पडल्यावर बाहेर सोडत नसत, म्हणून अध्यक्षांच्या बंगल्यातच एक खोली दिली होती. लोक म्हणायचे, बघा, राहायला बंगला, खायला ताजी द्राक्षं, वर पगार.

पगार! त्यावर तर काय काय ऐकलं. जीपमध्ये तिला सगळे विचारायचे, कधी मोडक्या इंग्रजीत, कधी हातवारे करून. ती लाल व्हायची आणि खिडकीबाहेर बघायची. लोक एकमेकांना कोपर मारायचे. "आरं, आकडाच असा आसंल की तोंडात मावंना." कुणी म्हणे कलेक्टरएवढा, कुणी म्हणे डॉलरमध्ये. मी बाजूला बसून हे ऐकायचे आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालायचे. खोटं कशाला बोलू, खूप घालायचे.

मार्चमध्ये अध्यक्षांनी पालकसभा बोलावली. त्या दिवशी सकाळी मला ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं.

"बाई, आज फी वाढवायचीय. पालक गोऱ्या मॅडमला काय काय विचारणार. त्यांचं तुम्ही मराठीत सांगायचं."

"सांगीन की."

"तसं न्हाई. जे शोभंल ते सांगायचं. पालकांना बरं वाटंल असं." मग टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "पुढच्या वर्षी इंग्रजीची एकच जागा ठेवायचं म्हणतोय मी. ती तुमची ठेवायची का न्हाई, ते सभा झाल्यावर बघू. फाईल तयार हाये."

मी बाहेर आले. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती मान्यता हाताच्या अंतरावर आली होती, आणि ती माझ्या एका शब्दावर लटकत होती. मी ठरवलं, सांगायचं काय हवं ते. माझ्या बापाचं काय जातंय? त्या पोरीच्या पगाराशी मला काय करायचंय?

हॉल गच्च भरला होता. लांबच्या आणे पठारावरची माणसंसुद्धा एसटीनं आली होती. अध्यक्षांनी भाषण ठोकलं. पुढच्या वर्षी प्रत्येक वर्गाला परदेशी मॅडम. "पण राव, परदेशी माणूस फुकट येतो का? शिक्षण बघा त्यांचं, पगार बघा! तो भार संस्थेनं एकटीनं किती उचलायचा?" म्हणून फी वाढवावी लागते. लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मागून एक टोपीवाला पालक उठला. "अध्यक्ष, फी देऊ आमी. पर एकदा मॅडमच्या तोंडून आकडा तर आयकू द्या. लई दिस झालं, जीपमदी इचारतोय, सांगत न्हाईत." सगळे हसले. अध्यक्षही हसले, अगदी मोकळे. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "विचारा बाई," आणि माझ्याकडं बघतच राहिले.

मी तिला इंग्रजीत विचारलं, हे लोक विचारतायत, तुला पगार किती?

ती लाल झाली. मग इंग्रजीतच म्हणाली, "मला पगार नाहीये ताई. अध्यक्षांनी सांगितलं होतं, इथं सगळेच शिक्षक गावासाठी बिनपगारी शिकवतात. तुम्ही घरचं खाऊन शिकवता आणि मला खोली, जेवण फुकट मिळतं. म्हणून मला सांगायची लाज वाटायची."

चार महिने मी जिच्या नावानं बोटं मोडत होते, ती माझ्यासमोर लाजत होती. माझ्यासमोर! हॉलमध्ये सगळे माना उंचावून थांबलेले. अध्यक्षांनी भुवया उडवल्या. एक मोठा आकडा सांगायचा, बस. जिभेवर आलाही होता. फाईल तयार होती.

आणि मी म्हणाले, "त्या म्हणतायत, मला पगार नाही. इथले सगळे शिक्षक फुकट शिकवतात, असं त्यांना सांगितलंय. त्यांचं शिक्षण शाळेपर्यंतच झालंय." शेवटचं कुणी विचारलंही नव्हतं. आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच बाहेर पडू दे म्हटलं.

हॉलमध्ये कुजबुज उठली. मला वाटलं, झालं, आता हा माणूस उघडा पडला. आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. टोपीवाला म्हणाला, "म्हंजी? मंग फी कशापायी वाढीवता?"

अध्यक्ष जराही चिडले नाहीत. माईक हातात घेऊन कौतुकानं बोलावं तसं बोलले, "बाईंचं चुकलं असंल. साहेबी इंग्रजी हाये, फास्ट असतंय. आपल्या बाईंचं इंग्रजी जरा कच्चंय, बिचाऱ्या करत्यात प्रयत्न. म्हणून तर खात्यानं अजून मान्यता दिली न्हाई त्यांना. आता तुमीच सांगा, पोरांना वरिजिनल नको का?"

मी वळून अगदी पाठीमागं बसलेल्या आमच्या शिक्षकांकडं बघितलं. ती खुर्च्यांची रांग सबंध इंग्रजी समजणारी होती. मुलीचं बोलणं प्रत्येकानं ऐकलं होतं. विज्ञानाच्या सरांनी चष्मा पुसायला घेतला. बाकीच्या माना खाली. त्यांनाही जून होताच.

"अगं, तरीच," पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली.

मुलीला यातलं अक्षर कळत नव्हतं. माझा हात धरून तिनं विचारलं, "काय म्हणाले ते?"

आता तिला तरी काय सांगायचं? जे होतं ते सांगितलं. म्हटलं, ते म्हणतायत, मला इंग्रजी नीट येत नाही.

ती हसली. खळखळून, मान मागं टाकून हसली. तिला तो विनोदच वाटला. एवढी वेडगळ गोष्ट कुणी खरी म्हणून सांगेल, हे तिच्या डोक्यातच येईना.

आणि सगळा हॉल तिच्याबरोबर हसला. गोऱ्या मॅडम स्वतः माझ्या इंग्रजीला हसल्या म्हटल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे? टोपीवालाही हसत खाली बसला.

तिच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. तिचं हसू पटकन विरलं. ती ताडकन उठली, माईकजवळ गेली, आणि तिला जेवढं येत होतं तेवढं मराठी गोळा करून ओरडली, "नाही! नाही! ताई छान! ताई लई छान!"

गोऱ्या मॅडम मराठी बोलल्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.