मार्लीनबाईंचा नारळ

आता हा माझा शहाणपणा कोणत्या तोंडाने सांगू? पण तुम्ही एवढी फक्कड कॉफी पाजलीत, तर सांगतोच. एकच अट. मी पूर्ण सांगेपर्यंत हसायचं नाही. आमच्या घरात ही अट आजवर कुणी पाळलेली नाही, तुम्ही तरी पाळा.

मी तंजावूरचा राव. आमच्या इथल्या मराठी घरांत राव काय, ढिगाने सापडतील. त्यातला विद्यापीठात माती शिकवणारा राव तो मी. भातशेतीच्या मातीवर माझं काम चालतं, आणि नेदरलँड्सच्या मार्लीनबाई त्यात माझ्याबरोबर आहेत. आमची विद्यार्थिनी सेल्वी, पापनाशमजवळच्या खेड्यातली, त्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला जायची होती. घरातून विमानात बसणारी पहिलीच पोरगी! बापाने अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं.

आणि नेमका तेव्हाच विद्यापीठात नवा नियम आला. परदेशी माणसांशी तुमचं काय चालतं, बाहेर काय उद्योग करता, कुणाला काय देता, कुणाकडून काय घेता, सगळं समितीपुढे उघड करायचं. समितीचं समाधान झालं तरच सेल्वीला परवानगी.

साध्या माणसाने काय केलं असतं? प्रकल्पाची माहिती दिली असती, सही ठोकली असती आणि घरी जाऊन इडल्या खाल्ल्या असत्या. पण मला कुणीतरी म्हणालं, "राव सार, बारीकसारीक गोष्ट जरी राहिली ना, तरी पोरीचं जाणं बोंबललं म्हणून समजा." झालं! माझी झोपच उडाली. काही म्हणजे काही लपवायचं नाही, असं ठरवूनच मी समितीपुढे जाऊन बसलो.

अध्यक्षबाई मोठ्या शांत. त्यांच्या शेजारी कायदा शिकवणारे एक सर, ते अजिबात शांत नाहीत.

"बाहेरचे उद्योग?" सरांनी विचारलं.

"रविवारी आमच्या गल्लीतल्या मराठी पोरांना देवनागरी शिकवतो. घरी बोलतात, पण वाचता येत नाही हो त्यांना."

"मोबदला?"

"सुंडल."

"कसलं?"

"चण्याचं. उसळच हो ती, खोबरं घातलेली. कधी कधी मुगाचं."

त्यांनी ते लिहून घेतलं! खरं तर तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण अध्यक्षबाईंनी सहज विचारलं, "परदेशी व्यक्तीला काही भेट वगैरे दिलीत का?" आणि मी अगदी छाती काढून म्हणालो, "दिला ना! नारळ."

आता त्याचं असं झालं. नवरात्रात मार्लीनबाई इथे आल्या होत्या, तेव्हा आमच्याकडे कोलू बघायला आल्या. पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघून बाई खूश. मग घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने कोण पाठवतं? आमच्या कमलाने, म्हणजे बायकोने, रीतीप्रमाणे हळदीकुंकू लावलं, पानसुपारी दिली, नारळ दिला. गल्लीत त्या दिवशी किती नारळ या घरातून त्या घरात गेले असतील, कुणी मोजलेत?

"नारळ सोललेला?" कायद्याचे सर पुढे सरकले.

"शेंडीवाला."

"म्हणजे रुजू शकतो?"

इथे गप्प बसायचं की नाही? पण विषय मातीचा निघाला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "चांगली माती मिळाली तर काय सांगावं, सर!" म्हणालो.

"मॅडम, जिवंत रोप देशाबाहेर गेलंय!" सर जवळजवळ उभेच राहिले.

अहो, कसलं रोप? नारळ होता तो! पण मी काही बोलायच्या आत ठरलंसुद्धा. नारळ सध्या कुठे आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, ते मी शोधून काढायचं. तोवर सेल्वीची परवानगी थांबणार. आणि प्रकरण गोपनीय, घरीदारी चकार शब्द काढायचा नाही.

मी मार्लीनबाईंना मेल पाठवली. एरवी आम्ही गप्पा मारल्यासारखं लिहितो. पण या खेपेला मी घाबरून सरकारी भाषेत विचारलं, "आपणांस देण्यात आलेल्या नारळाची सद्यस्थिती कळवावी." त्यावर बाईंचं उत्तर एका ओळीचं. "याबद्दल आधी आमच्या विद्यापीठाच्या कार्यालयाशी बोलते, तोवर मला काही सांगता येणार नाही."

वाचून माझ्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणजे यात खरंच काहीतरी आहे? लावला की काय बाईंनी तो नारळ? नेदरलँड्समध्ये माड? मला काहीच कळेना. आता दोन विद्यापीठं एका नारळामागे लागली होती आणि त्यातल्या एकालाही तो सापडत नव्हता.

इकडे सेल्वी रोज दारात. "सार, स्वेटर घेऊ का? अप्पा विचारतात."

"थांब गं थोडं."

"सार, माझं काही चुकलं का?"

काय सांगू त्या पोरीला? बरं, बोलायचीही चोरी! घरी मी नुसता येरझाऱ्या घालायचो. स्वयंपाकघरात नारळ दिसला की दचकायचो. एकदा कमला चटणीसाठी नारळ फोडायला गेली, तर मी ओरडलो, "फोडू नकोस!"

तिने कोयता खाली ठेवला. "अहो, झालंय तरी काय तुम्हाला? नारळाला काय भिता?"

मग मात्र माझा बांध फुटला. गोपनीय गेलं चुलीत! कोलू, शेंडी, माड, समिती, सेल्वी, सगळं एका दमात सांगून टाकलं.

कमला माझ्याकडे बघतच राहिली. "मार्लीनबाईंचा नारळ? अय्यो, तो दुसऱ्या दिवशीच परत आला ना!"

"परत? कुठे?"

"इथेच! सेल्वी त्यांना विमानतळावर पोचवायला गेली होती. बाईंची बॅग जड झाली, म्हणून त्यांनी नारळ तिच्या हाती परत पाठवला. म्हणाल्या, रावसाहेबांना माझी भेट म्हणून द्या."

"मग आहे कुठे तो?"

"कुठे म्हणजे? बर्फी केली मी त्याची. डबाभर! आणि उभ्या उभ्या सगळी फस्त कुणी केली?"

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, बर्फी फार छान झाली होती.

सेल्वीला फोन लावला. ती म्हणाली, "हो सार, मीच आणून दिला. तुम्ही विचारलंच नाही!" तेवढ्यात मार्लीनबाईंचीही मेल आली. बिचाऱ्या माफी मागत होत्या. दिलेली वस्तू परत केली म्हणून आम्ही रागावलो, असं माझी सरकारी भाषा वाचून त्यांना वाटलं होतं, म्हणून त्या कार्यालयाकडे धावल्या होत्या.

मी धावतच समितीपुढे गेलो. नारळ भेट म्हणून परत आला, त्याची बर्फी झाली, त्याने देश सोडलाच नाही, हे ऐकून अध्यक्षबाईंनी सेल्वीच्या परवानगीवर तिथल्या तिथे सही केली. स्वेटर घे म्हणून मी तिला जिन्यातूनच फोन करणार होतो. पण कायद्याच्या सरांनी हाक मारली.

"थांबा, राव सार. म्हणजे तुम्ही परदेशी बाईंना काही दिलं नाहीत. उलट त्यांनीच तुम्हाला भेट पाठवली. आणि ती तुम्ही खाल्लीत!"

"खाल्ली," मी म्हणालो. नाही कसं म्हणणार? लपवायचं नाही ना काही!

सेल्वी गेली, तिथे मजेत आहे. पण आमच्या अख्ख्या विद्यापीठात परदेशातून वैयक्तिक लाभ घेतल्याची नोंद एकाच प्राध्यापकाच्या नावावर आहे. आणि लाभ कसला, तर माझ्याच घरच्या नारळाची, माझ्याच बायकोने केलेली बर्फी!