पलंग हॉस्पिटलचा, अलाउन्स रोख

"मॅडम, आपकी क्लायंट तो अभी भी हॉस्पिटल के फ्लॅट में ही सोती है," बँकेच्या क्रेडिट डिपार्टमेंटमधला समीर फोनवर म्हणाला. "आमचा व्हेरिफिकेशनवाला काल संध्याकाळी गेला होता. वॉचमन म्हणाला, सिस्टर वरच आहेत, बोलवू का? फाइल मैं आगे नहीं भेज सकता."

मी गाडी चालवत होते. पुढचं पेट्रोल स्टेशन आलं तिथं आत घेतली आणि थांबले. माझी ही क्लायंट, सुनंदा सिस्टर, स्वतःचं घर विकत घेत होत्या आणि विकणाऱ्याकडे त्यांचा दहा टक्क्यांचा डिपॉझिट चेक पडून होता. बेचाळीस हजार दिरहम, म्हणजे दहा लाख रुपयांच्या आसपास. ठरलेल्या तारखेच्या आत लोन झालं नाही तर तो चेक विकणारा वटवू शकत होता. तारखेला दोन आठवडेही उरले नव्हते.

मी दुबईत मॉर्गेज अॅडव्हायजर आहे. लोकांना घर घ्यायचं असतं, बँकांना कर्ज द्यायचं असतं, तरी दोघांचं जमत नाही. ते जमवून देणं हे माझं काम. इथल्या पगाराची एक गंमत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कंपन्या बेसिक पगार कमी ठेवतात, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. वरचा भाग वेगवेगळ्या अलाउन्सनी भरून काढतात. शिवाय काही गोष्टी पैशात देतच नाहीत, वस्तूत देतात: राहायला जागा, यायला-जायला बस, वर्षाचं तिकीट. माणूस म्हणतो, माझं सगळं मिळून चांगलं चाललंय. बँक म्हणते, खात्यात काय जमा होतं तेवढं दाखवा.

सुनंदा सिस्टर मूळच्या मिरजेच्या. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही, एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या नर्स. अकरा वर्षं अल मनखूलला हॉस्पिटलच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या, केरळच्या लीलाम्मा आणि फिलिपिन्सची ग्रेस यांच्याबरोबर. पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, घर कशाला हवंय? गुंतवणूक की राहायला?

"राहायला," त्या म्हणाल्या.

"नोकरी गेली की व्हिसा जातो, सिस्टर. घर इथं राहील, तुम्ही नाही राहणार."

"तेव्हा भाड्यानं देईन. पण मॅडम, मिरजेला गेले की भाऊ पहिल्याच दिवशी विचारतो, परत कधी जाणार. इथं हॉस्पिटल दर दोन वर्षांनी विचारतं, रिन्यू करायचं का. जिथं असं कुणी विचारणार नाही अशी एक खोली हवी."

ठीक आहे, म्हटलं. कारण पटण्यासारखं असलंच पाहिजे अशी बँकेची अट नसते.

त्यांनी सिलिकॉन ओएसिसमधला एक स्टुडिओ बघितला होता. स्टुडिओ म्हणजे एकच खोली, तिच्यातच ओटा. वीस टक्के त्या स्वतःचे घालणार होत्या. हप्ता त्यांना सहज परवडत होता. अडचण एवढीच की ज्या बँकेचा दर बरा होता तिची किमान पगाराची अट दहा हजार दिरहमची. सिस्टरचं बेसिक आणि ट्रान्सपोर्ट मिळून त्याच्या बरंच खाली येत होतं. ऑन-कॉल ड्यूटीचे पैसे दर महिन्याला कमीजास्त होतात, म्हणून बँक ते निम्मेच धरते. आणि सगळ्यात मोठा बेनिफिट, राहायची जागा, तिचे बँक शून्य धरते. फुकटच्या पलंगावर हप्ता कापता येत नाही.

यावर उपाय असतो. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यानं जागा नको म्हटलं तर कंपनी त्याऐवजी रोख हाउसिंग अलाउन्स देते. सिस्टरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं कलम होतं. त्यांनी अर्ज दिला, एचआरनं मंजूर केला, तीन महिने पैसे खात्यात आले. आकडा दहा हजारांच्या थोडा वर गेला. मी फाइल बँकेत लावली आणि दुसऱ्या कामाला लागले. जागा सोडली नसेल तर बँक तो अलाउन्स धरत नाही, म्हणून जागा खाली केली का, हे मी विचारलं होतं. त्या "हो, हो" म्हणाल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी थेट अल मनखूलला गेले. दार ग्रेसनं उघडलं. आत तिघींचं जेवण चाललं होतं, फरशीवर वर्तमानपत्र अंथरून. डायनिंग टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता.

"सिस्टर, तुम्ही इथं राहताय."

"सामान अर्धं हलवलंय," त्या म्हणाल्या. "एका मैत्रिणीकडे ठेवलंय."

"मी सामानाचं विचारलं नाही."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "पलंग रिकामाच होता, मॅडम. एचआरनं अजून कुणाला दिला नव्हता. मी काय खोटं केलं? पैसे घेतले आणि पलंगही वापरला, एवढंच."

"त्यालाच खोटं म्हणतात."

लीलाम्मा सगळ्यांत मोठ्या, दोन वर्षांत रिटायर होणाऱ्या. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, आप इसको ले जाएगा तो मेरा सांबार कौन खाएगा? ये ग्रेस तो सांबार में केचप डालती है."

"वन टाइम, चेची," ग्रेस म्हणाली. लीलाम्मांना ती त्यांच्या मल्याळममध्ये ताई म्हणायची. "वन टाइम ओन्ली."

तिघी हसल्या. मलाही ताट वाढत होत्या. मी नको म्हटलं, कारण बसले असते तर पुढचं बोलणं अवघड झालं असतं. उभ्यानंच सांगितलं. उद्या अकोमोडेशन इन-चार्जकडून खोली सोडल्याचं क्लिअरन्स लेटर घ्यायचं. दुसरीकडे राहत असल्याचा पुरावा द्यायचा. आणि लोन हातात पडेपर्यंत या बिल्डिंगमध्ये पाय ठेवायचा नाही, वॉचमन सगळं सांगतो.

"जेवायला पण नाही?" सिस्टरनी विचारलं.

"जेवायला पण नाही."

"आणि क्लिअरन्सवर सही केली की पलंग जाणार?"

"जाणार."

मी घड्याळाकडे बघितलं, कारण पार्किंगची वेळ संपत आली होती. मग म्हणाले, "नको वाटत असेल तर आत्ता सांगा. विकणाऱ्याशी बोलून बघते. चेक बहुतेक जाईल, पण इथं राहता येईल."

लीलाम्मांना मराठी येत नव्हती, पण त्यांना कळलं असावं. त्या मल्याळम वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "सुनंदा, मैं तो दो साल में जाएगा. ग्रेस का शादी होएगा. तू पलंग पकड के बैठेगा क्या?"

सिस्टर उठल्या, हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "क्लिअरन्स लेटर कुणाच्या नावानं घ्यायचं?"

दोन गल्ल्या सोडून एक हॉटेल अपार्टमेंट होतं, महिन्याच्या बोलीवर खोली देणारं. त्याचं बिल बँकेला चालतं. भाडं महाग होतं, पण दहा लाख रुपयांपेक्षा स्वस्त. सिस्टर तिथं गेल्या. मी समीरला क्लिअरन्स लेटर, हॉटेलचं बिल आणि एचआरचं नवं पत्र दिलं. जे झालं ते आहे तसं सांगितलं. लपवलं असतं तर पुढच्या माझ्या दहा फाइली त्यानं भिंगातून बघितल्या असत्या. तो म्हणाला, मैनेजर से बात करता हूँ. विकणारा लेबनीज होता. त्यानं एक आठवडा वाढवून दिला आणि वर ऐकवलं, "हबीबी, हा शेवटचा."

मधल्या काळात मी सिस्टरना एक-दोनदा फोन केला, कागदांसाठी. एकदा त्या म्हणाल्या, "मॅडम, इथं चॅनेल खूप आहेत." दुसऱ्यांदा म्हणाल्या, एचआरनं पलंगावर नवीन मुलगी पाठवली, कोचीची, चांगली आहे म्हणतात. मी म्हटलं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्का मारून लागेल.

व्हेरिफिकेशनवाला हॉटेलवर जाऊन आला. फाइल मंजूर झाली, मुदतीच्या आत.

ट्रान्सफरच्या दिवशी, म्हणजे घर नावावर होतं त्या दिवशी, लोक सहकुटुंब येतात. लहान मुलांना नवे कपडे घालतात, कागद हातात धरून फोटो काढतात. काउंटरवरच्या मुलीनं सिस्टरना विचारलं, "सिंगल ओनर?" त्या येस म्हणाल्या. त्यांचा फोटो मी काढला. पहिल्यात डोळे मिटले होते, म्हणून दुसरा काढला. कुणाला पाठवू, विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मलाच पाठवा."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. एसीतून पाणी गळतंय, कुणाला सांगायचं? मी बिल्डिंगच्या मेंटेनन्सचा नंबर दिला. काम झालं होतं, पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"मॅडम, रविवारी ऑफिस असतं का तुमचं?"

"रविवारी बंद असतं," मी म्हणाले.

ते त्यांनाही माहीत होतं. इथं कोण रविवारी ऑफिस उघडतं?

क्लायंटच्या घरी जायचं नाही हा माझा नियम आहे, वीस वर्षं पाळलेला. माझा मुलगा टोरोंटोत असतो, नवरा आता नाही, माझे रविवार कपाटं आवरण्यात बरे जातात. पण त्या फाइलमध्ये इन्शुरन्सच्या एका कागदावर सही राहिली होती. ती कुरियरनंही मागवता आली असती. मी स्वतः गेले. खोली स्वच्छ होती. खुर्ची एकच होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या. सहीला अर्धं मिनिट लागलं. मी चार वाजेपर्यंत थांबले.

आता कंपनीच्या जागेत राहणारं कुणी माझ्याकडे आलं, की पगाराचं सर्टिफिकेट बघण्याआधी मी सांगते: जागेचे रोख पैसे मागितले तर लोन बसतं, पण जागा खरंच सोडावी लागते. त्या फ्लॅटमध्ये आणखी कोण राहतं, तेही विचारते. बँकेच्या अर्जात त्यासाठी रकाना नाही. बरेच जण घरी जाऊन विचार करतो म्हणतात, आणि त्यातले निम्मे परत येत नाहीत. माझं कमिशन बुडतं. बुडू दे.