पावती नसलेली इस्त्री

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मावशी परतीच्या काउंटरमागे उभ्या राहून एका गृहस्थांच्या मेव्हण्याचं कौतुक ऐकत होत्या. मेव्हणा किती हौशी, किती दिलदार, हे ड्रिल मशीन त्यानं किती प्रेमानं दिलं; पण घरात आधीच एक आहे, आणि एवढ्या चांगल्या माणसाकडे पावती मागायची तरी कशी. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, मग खोका परत त्यांच्याकडे सरकवला.

"पावती घेऊन या, मग बघू."

गृहस्थ गेल्यावर शेजारी काम शिकायला उभी असलेली खेळणीवाली म्हणाली, "बिचारे खरं बोलत असतील हो, मावशी."

"नको असलेली भेट परत करायला आलेला माणूस देणाऱ्याची आरती ओवाळत नाही. लक्षात ठेव."

मावशी दुकानात कोणाच्याच मावशी नव्हत्या, पण साहेबांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणत. घरगुती वस्तूंचं ते तीन मजली दुकान. तळमजल्यावर, जिन्याखाली, परतीचा काउंटर. पावती असेल तर पैसे परत, नसेल तर वस्तूच्या बदल्यात वस्तू, तीही जिथून खरेदी झाली त्याच दुकानात आणि काउंटरवरच्या बाईला पटलं तरच. पटायचं कसं, याची मावशींनी स्वतःपुरती एक रीत बसवली होती. त्या एकच प्रश्न विचारत: कोणी दिली? ज्याला वस्तू खरोखर भेट मिळालेली असते, तो नातं सांगून गप्प होतो. नणंदेनं. ऑफिसातल्यांनी. आवाजात किंचित वैताग असतो, बाकी काही नाही. ज्याचं काही काळंबेरं असतं, तो गोष्ट सांगायला लागतो.

खरं तर मावशींचा शेवटचा दिवस कालच झाला होता. कालच केक कापून झाला, शाल झाली, साहेबांचं भाषणही झालं. पण खेळण्यांच्या विभागातून उचलून परतीवर आणलेल्या या खेळणीवालीला नीट तयार करून द्या म्हणून साहेबांनी आजचा एक दिवस मागून घेतला. घरी कोणाला हे ठाऊक नव्हतं. घरी म्हणजे मुलाकडे. उद्या सकाळी तो टेम्पो पाठवणार होता आणि मावशी भाड्याची खोली सोडून कायमच्या त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या.

दोन महिन्यांपूर्वी त्या फ्लॅटसाठी मावशींनी इस्त्री घेतली होती. परत येणाऱ्या वस्तू त्यांना तोंडपाठ होत्या. भिंतीवरची घड्याळं परत येतात, फोटोफ्रेमा येतात, आइस्क्रीमचे काचेचे बाऊल तर हमखास येतात. नको झाली म्हणून इस्त्री परत करायला मात्र त्यांच्या आठवणीत कोणी आलं नव्हतं. म्हणून त्यांनी चांगली जड, वाफेची इस्त्री घेतली, स्टाफच्या सवलतीत. सवलत दिसू नये म्हणून पावती काढून ठेवली.

जेवणानंतर मावशी काउंटरमागच्या प्लायवुडच्या आडोशाला बसून परत आलेला माल वेगळा करत होत्या. काउंटर आता खेळणीवालीच्या हाती होता.

"पावती नाहीये," बाहेरून एक बाई म्हणाली.

"कोणी दिली?"

"सासूनं."

मावशींच्या हातातला बाऊल हातातच राहिला. हा आवाज त्या रोज फोनवर ऐकत होत्या. सूनबाई.

"बिघडलीय का?" खेळणीवालीनं विचारलं.

"नाही हो, खोका फक्त उघडून बघितलाय. घरात एक आहे, आणि ही उचलली की माझं मनगट भरून येतं."

"रोख मिळणार नाही पण."

"माहितीये. ज्यांनी दिली त्यांनीच सांगितलंय कधीतरी. मला घडीची खाट हवी आहे, वर लागतील ते भरते. जरा जाड गादीची दाखवा, पाठ धरते त्यांची."

"कोणाची?"

"सासूबाईंची. उद्यापासून आमच्याकडेच राहणार आहेत. हॉलमध्ये टाकायचीय, म्हणजे दिवसा भिंतीला उभी करता आली पाहिजे."

"खोली नाही वाटतं?"

"होती की. नवऱ्यानं मागच्या महिन्यात तिथं स्वतःचं ऑफिस थाटलं. आईला अजून पत्ता नाही. मी म्हटलं, निदान सांग तरी. तर म्हणतो, आधी सांगितलं तर ती यायचीच नाही, मग छोटीला कोण सांभाळणार?"

"पुरुषांचं बरं असतं," खेळणीवाली म्हणाली.

मावशींनी बाऊल खाली ठेवला. रविवारीच मुलाचा फोन आला होता. खोली काय झकास झालीय आई, पडदे तुझ्या आवडीचे लावलेत, खिडकीत बसलीस की समोर झाड, दुपारी चिटपाखरू नाही, राणीसारखी राहशील. बराच वेळ बोलला होता. सकाळच्या गृहस्थांनी मेव्हण्याचं याच्या निम्मंसुद्धा कौतुक केलं नव्हतं.

खेळणीवाली आडोशाला आली. "मावशी, मशीन अडलंय. खोक्यावरचा नंबर टाकला तर स्टाफची खरेदी दाखवतंय. घेणाऱ्याची परवानगी लागेल म्हणतंय." मग तिचा आवाज उतरला. "तुमचं नाव येतंय."

मावशींनी नाही म्हटलं असतं तर इस्त्री मुकाट्यानं परत गेली असती आणि कुठल्याशा माळ्यावर पडली असती. दोन पावलं बाहेर टाकली असती, तरी खूप काही झालं असतं.

"घेऊन टाक," मावशी म्हणाल्या. "खरं बोलणारी बाई आहे."

त्यांनी हळू आवाजात आपला पासवर्ड सांगितला. बाहेर मशीननं पावती फाडल्याचा आवाज आला. मग ट्रॉलीच्या चाकांचा, तो दरवाजापर्यंत ऐकू आला.

"खाटेची पावती दिलीस ना तिला?"

"दिली."

"बरं केलंस. लागेल."

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला.

"खोली तयार आहे ना रे?"

"अगं, तयार म्हणजे काय! तू बघच. ऊन असं येतं सकाळचं, आणि तो नवा पंखा तर..."

मावशींनी त्याला मध्येच तोडलं नाही. ऊन झालं, पंखा झाला, झाड पुन्हा एकदा झालं.

"टेम्पो नको पाठवूस," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? कधी पाठवू मग?"

"तुझं ऑफिस चालू दे. छोटीसाठी बाई बघ."

मावशींनी फोन ठेवला.

मी काम सोडत नाही, असं मावशींनी सांगितल्यावर साहेबांनी फार प्रश्न विचारले नाहीत. तुमचं हजेरीचं कार्ड अजून बंद केलेलं नाही, म्हणाले. शाल ठेवा तुमच्याकडेच, असंही हसत म्हणाले. मावशींनी खोलीच्या मालकाला फोन करून खोली राहू द्या म्हणून सांगितलं. त्यानं नवा भाडेकरू अजून आणला नव्हता. भाडं मात्र वाढवून मागितलं, आणि मावशी हो म्हणाल्या.

खेळणीवालीला हे साहेबांकडून कळलं. तिचा पगार परतीच्या काउंटरवर वाढणार होता. तिनं आपला डबा पिशवीत घातला, ओढणी सारखी केली.

"मला आधी सांगायचंत ना, मावशी," ती म्हणाली. "मी घरी सांगून बसले."

इस्त्री मावशींनी पुसली, खोक्यात घातली आणि परत आलेल्या मालाच्या फळीवर, बाऊलांच्या शेजारी ठेवली.

उद्या बुधवार. परतीचा काउंटर साडेनऊला उघडतो. जिन्याजवळच्या फळ्यावर संध्याकाळी ड्युटी लागली आहे: परतीवर मावशी, आणि खेळण्यांवर, तिसऱ्या मजल्यावर, खेळणीवाली.