आठ दिवसांचा टेकू

काकू मागच्या खोलीत वाढायला आल्या की आधी मधल्या खांबाला उजव्या हाताचा तळवा लावायच्या, तोच हात कपाळाला टेकवायच्या आणि मग भाकरीच्या टोपल्याकडे वळायच्या. सकाळ-संध्याकाळ, एकदाही न चुकता. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिथे सकाळी एकदा हात जोडले की काम झालं. खांबाला मात्र प्रत्येक पंगतीला मान होता.

अशी सवय पाहिली की आपण काय करतो? कारण चिकटवून मोकळे होतो. मीही तेच केलं. गाव लातूर, घर भूकंपातून वाचलेलं, खांब फुटक्या तुळईखालचा टेकू. म्हणजे बाई छप्पर तोलून धरल्याबद्दल त्याचे आभार मानत असणार. मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे शरीर भीती कशी लक्षात ठेवतं याचं उदाहरण म्हणून मी काकूंचं नाव न घेता ते पोरांना सांगितलंसुद्धा. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. आता आठवलं की मलाच लाज वाटते.

मी नांदेडहून लातूरला शिकवायला आले तेव्हा क्लासेसचा नुसता पूर आला होता. आमच्या गल्लीत गच्चीवर पत्रे टाकून, जिन्याखाली कॉट लावून, जिथे जागा मिळेल तिथे पोरं ठेवली होती. काकूंची मेस होती. मागच्या माळवदाच्या खोलीत चाळीस पोरं दोन पंगतींत जेवायची, आणि पुढच्या भागावर नंतर बांधलेल्या एका खोलीत मी भाड्याने राहायची. त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. "आठ दिवसात लावून देते, म्याडम," काकू म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मी दाराला खुर्ची लावून झोपते.

आठ दिवस हे काकूंचं माप होतं. नळ गळतोय? आठ दिवसाचं काम हाय. नवीन आलेलं पोरगं ताटावर बसून रडतंय? "आठ दिवस जड जातंय बाळा, मग मायला फोन करायचंबी ध्यानात राहत न्हाई." चाचणीत मार्क कमी पडले तरी आठ दिवस, माझी पाठ धरली तरी आठ दिवस. मी त्यांना चिडवायची, "काकू, तुमचा एक आठवडा किती महिन्यांचा असतो?" त्या हसायच्या आणि माझ्या ताटात न विचारता भाकरी टाकायच्या.

अंगाने काकू चांगल्या भरलेल्या. चालायच्या मात्र पावलांचा आवाज न करता. एकदा माळ्यावरचा तांदळाचा डबा काढायला शिडी सापडेना, तर पदर खोचून, दाराच्या चौकटीला पाय लावून त्या सरळ वर गेल्या आणि डबा घेऊन खाली आल्या. मी बघत राहिले. "लहानपणची सवय हाय," एवढंच बोलल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

दर रविवारी दुपारी इस्लापूरहून त्यांच्या वडिलांचा फोन यायचा. वडील किनवटकडच्या आश्रमशाळेत खेळाचे मास्तर होते, निवृत्त होऊन गावी राहायचे. मला जिन्यात बसल्या बसल्या एकच बाजू ऐकू यायची. "हाव आबा... उभा हाय की... तेल तर लागतंच... हाव, सकाळीच." मला वाटायचं, कुणाची तरी तब्येत विचारून राहिलेत. कोण उभं आहे आणि कुणाला तेल लागतं हे विचारणं बरं दिसलं नसतं.

एका रविवारी फोन ठेवून काकू खांबाला टेकून खालीच बसल्या. "आबा येऊन राहिले, म्याडम. डोळ्याचं आपरेशन करायला. महिन्याभरानं."

"मग चांगलं आहे की."

"काय चांगलं? मी बावीस वर्सं खोटं बोलले त्यांच्यासंगं." आणि त्यांनी पाठीमागे हात नेऊन खांब थोपटला. "ह्यो मल्लखांब हाय माझा."

मी खांबाकडे पाहिलं. रोज पाहत होते, पण तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वर जाड, खाली निमुळता. मल्लखांब नेमका याच्या उलट असतो: खाली जाड, वर निमुळता होत जातो, मग बारीक मान आणि मानेवर गोल बोंड. गोल बोंडावर तुळई टेकवता येत नाही. म्हणून खांब उलटा केला होता, आणि बोंड आणि मान दोन हात खड्डा करून जमिनीत पुरली होती.

बाकीचं काकूंनी त्या दुपारी सांगितलं. आबांनी किनवटच्या सागाचा हा खांब मुलीसाठी तासून घेतला होता. आश्रमशाळेच्या अंगणात तिला पहाटे उठवून त्यांनी त्यावर चढायला शिकवलं. लोक म्हणायचे, मास्तर, पोरीला माकड करता काय. आबा म्हणायचे, माकडाला एवढं जमत न्हाई. लग्न होऊन ती लातूरला आली तेव्हा रुखवतात भांडी होती, गादी होती आणि ट्रकच्या टपावर बांधलेला मल्लखांब होता. गल्ली हसली. सासूबाईंनी त्याला वाळवणाची दोरी बांधली, पण अंगणात पुरू दिला. काकू तीन वर्षं त्यावर चढल्या. मग पोटात मुलगी राहिली, आणि मुलगी रांगायला लागली त्या वर्षी भूकंप झाला.

किल्लारीकडची माळवदं माणसांवर बसली होती. लातुरात या घराच्या तुळईखाली भेग दिसली. भाऊसाहेबांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, शेवटी एक दिवस हाताला लागलं ते लाकूड उपटून टेकू दिला. भूमापन कार्यालयात नोकरी करणारा हा माणूस जगाच्या जमिनी मोजायचा, घरात मात्र दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्यातले त्या दिवशीचे तीन काकूंच्या लक्षात होते: "आठ दिवसासाठी फक्त."

"आबा दर रविवारी इचारतात, खांब कसा हाय. मी म्हणते उभा हाय. खोटं हाय का सांगा." त्या हसल्या आणि लगेच डोळे पुसले. "पण त्यांला वाटतंय मी रोज चढते. आता ते येतील, हात लावतील. डोळ्यांनी कमी दिसतंय, हातांनी न्हाई. मला एकडाव चढायचं हाय त्यांच्या म्होरं. आता न्हाई तर मग कधी?"

भाऊसाहेब दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. "मिस्त्रीला बोलावतो," ते म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

मिस्त्री म्हातारा होता. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या घराण्याने बांधलेली. काकू स्वयंपाकघरात डबे भरत होत्या. पोरांना बाहेर काढलं होतं, आणि बॅटरी धरायला मी होते. त्याने तुळईजवळचा गिलावा हातोडीने ठोकून पाडला, आतलं लाकूड नखाने खरवडलं, शिडीवरून खाली उतरला आणि शांतपणे विडी काढली.

"भाऊसाहेब, तुळईला काईच नाय झालं. अस्सल साग हाय. निस्ता गिलावा फुटला व्हता. टेकू कशाला दिलाव?"

भाऊसाहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. ते त्या खांबाकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गर्डर टाका."

"आवो पण गरज नाय..."

"टाका. आणि हिला बोलू नका." माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. मी मान हलवली. गरज नसलेल्या तुळईला लोखंडी गर्डर बसला आणि मल्लखांब अंगणात सुलटा उभा राहिला. बावीस वर्षं मातीत राहून बोंड काळं पडलं होतं. काकूंनी ते धुतलं, पुसलं, एरंडेल लावलं आणि तळवा टेकवून कपाळाला लावला. तेव्हा मला कळलं की खांबावर चढण्याआधी खेळाडू अशी सलामी देतो. बाई बावीस वर्षं रोज सलामी देत होती आणि चढत नव्हती.

मग महिनाभर पहाटे पाच वाजता मी अंगणात. माझं काम जुन्या गाद्या अंथरायचं आणि "हळू" म्हणायचं. काकू मुलीची मांडीपर्यंत कापलेली जुनी ट्रॅकपँट घालून यायच्या, कारण कापड घसरतं, कातडी धरते. पहिल्या दिवशी त्या वीतभर चढल्या आणि सरकत खाली आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांना अढी मारायची होती: हातांनी खांब धरून अंग उलटं करायचं आणि मांड्यांच्या कात्रीत खांब पकडून लटकायचं. आबांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणे. पहिलीच गोष्ट जमेना.

पाचला अभ्यासाला उठलेली पोरं आजूबाजूच्या खिडक्यांतून बघायची. आधी खिदळली. मांड्यांवर निळे डाग घेऊन काकू पोहे वाढायला येतात हे पाहिल्यावर गप्प झाली. एकाने विचारलं, "काकू, किती दिवस लागतील?"

"आठ."

कुणीच हसलं नाही.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी पाय वर गेले, पण पकड सुटली आणि काकू खांद्यावर पडल्या. मी ओरडले. भाऊसाहेब आतून धावत आले. मला वाटलं, आता हा माणूस बंद कर म्हणेल. त्यांनी काकूंना उठवलं, खांद्याला एरंडेल चोळलं आणि तिथेच पायरीवर बसले. "तू चढ," म्हणाले. "मी आहे." त्यानंतर रोज गाद्यांजवळ आम्ही दोघं असायचो.

आबा आले ते मुलीला भेटायच्या आधी अंगणात गेले. उंच, वाळलेले, हात मात्र वाघाच्या पंज्यासारखे. त्यांनी खांबाला सलामी दिली आणि बोटांनी चाचपायला सुरुवात केली. पोट, मान, मग टाचा उंच करून बोंड. बराच वेळ. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"तेल ताजं हाय," आबा म्हणाले. "लाकूड झिजलेलं न्हाई. बोंड मातीत व्हतं का गं?"

"हाव, आबा."

"किती वर्सं?"

"बावीस. भूकंपापासून. घराला टेकू दिलता."

"उलटा?"

"उलटाच."

भाऊसाहेब खाली मान घालून उभे. मग म्हाताऱ्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "म्हणजे बावीस वर्सं ह्योच अढी मारून व्हता म्हण की! आता त्याला सुलटं राहू दे. तू उलटी हो बघू."

काकूंनी सलामी दिली. आबांनी एक तळवा खांबाला लावून ठेवला, डोळे मिटले. पहिल्या खेपेला पाय निसटले. "घाई करून राहिलीस," आबा खांबाकडेच तोंड करून म्हणाले. दुसऱ्या खेपेला अंग वर गेलं, मांड्या आवळल्या आणि काकूंनी हात सोडले. उलट्या, दोन्ही हात पसरून, वेणी खाली लोंबत. आबांच्या तळव्याखाली खांब थरथरत असणार, कारण ते म्हणत होते, "बसली. बसली. धर तशीच." वरच्या खिडकीत कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. मी रडत होते. ते लपवायचं काही कारण मला तेव्हाही वाटलं नाही.

डोळा बरा झाल्यावर आबांना सोडायला काकू निघाल्या. "आठ दिवसात येते," म्हणाल्या. बाहेर टेम्पो उभा होता आणि त्यात मल्लखांब आडवा बांधलेला होता. आठ दिवसांसाठी कोणी खांब नेतं का?

टेम्पोत चढण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "म्याडम, यांचं जेवण बघा. आन त्यांला कधी सांगू नका, पण तुळई चांगली हाय हे मला तवाच माहीत व्हतं."

"कसं?" मी विचारलं.

"सागाच्या जंगलातली हाय मी. लाकूड कळत न्हाई का मला? पण हे रोज चारदा उठून तुळईला हात लावून बघायचे. पोरीला घेऊन उंबऱ्यात बसून राहायचे, दोन महिने झोप न्हाई. खांब लागला आन त्या दिवशी झोपले." त्या हसल्या. "मला वाटलं, आठ दिवसात भीती जाईल."

काकू आल्या नाहीत. इस्लापूरला आबांच्या अंगणात त्या आता पोरींना शिकवतात असं कळतं. भाऊसाहेब निवृत्त होताच बॅग घेऊन तिकडे गेले. मेस दुसऱ्या बाई चालवतात, मी अजून वरच्या खोलीत राहते, कडी अजून नाही. अंगणातला खड्डा भाऊसाहेबांनी बुजवू दिला नव्हता. त्यावर मेसची एक जुनी परात पालथी घातलेली आहे.

सकाळी क्लासला निघताना मी त्या परातीजवळून जाते. उजवा हात आपोआप पुढे होतो. तिथे काही नसतं. मग तो तसाच कपाळाला लावते आणि निघते.