इंग्रजी माध्यमाचा दाखला

मला जपानमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी आली होती, हे मी आता आपणहून कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पायातल्या चपलांकडे, आणि विचारतो, "मंग गेला का न्हाईस?" या प्रश्नाला मी दोन वर्षांत तीन-चार तऱ्हांची उत्तरं दिली. त्यातलं एकही खरं नाही.

भोकरदनच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर मास्तर, सुट्टी लागली तर बेकार. तेव्हा या नोकरीला नऊ वर्षं झाली होती. दर जूनला संस्थेच्या सचिवांच्या केबिनबाहेर उभं राहायचं, आत बोलावलं की "यंदा बघू" ऐकायचं आणि वर आपणच थँक्यू म्हणून बाहेर यायचं. आमच्याकडे अशा माणसाला सगळे सर म्हणतात, आणि पोरगी द्यायची वेळ आली की विचारतात, "परमनंट हाये का?" मी चौतिशीला आलो होतो. किती ठिकाणांहून नकार आला हे आईला पाठ होतं, मी मोजणं सोडून दिलं होतं.

जपानचा अर्ज मी रागात केला. त्या जूनला सचिवांनी माझे निम्मे तास त्यांच्या भाच्याला दिले. घरी आलो आणि मोबाइलवर कधीची दिसत असलेली ती जाहिरात उघडून फॉर्म भरून टाकला. काही होईल असं वाटलं नव्हतं. महिनाभरानं मुलाखतीचा मेल आला.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आहे. नेटवर्क फक्त गच्चीवर येतं आणि गच्चीच्या खालीच पिठाची गिरणी आहे. मुलाखतीच्या दिवशी आईनं गिरणीवाल्याला अर्धा तास गिरणी बंद ठेवायला लावली. डबे घेऊन आलेल्या बाया ओट्यावर बसून राहिल्या आणि मी वर मोबाइलसमोर आठ वर्षांच्या जपानी पोरांना रंग शिकवल्याचं नाटक केलं. उड्या मारल्या, गाणं म्हटलं. पडद्यावरची बाई आणि तिचा साहेब, दोघंही शेवटी वाकून थँक्यू म्हणाले. नऊ वर्षांत तास संपल्यावर मला कुणी असं म्हटलं नव्हतं. खाली उतरलो तेव्हा सगळ्या गावाला कळलं होतं की गुरुजींचं पोरगं जपानला चाललंय.

निवड झाल्याचं पत्र आलं आणि आमच्या घराची कळाच बदलली. पिंपळगाव रेणुकाईचे एक पाहुणे होते. आदल्या वर्षी त्यांनी "पत्रिका जुळत नाही" असं कळवलं होतं. ते स्वतः मोटारसायकलवर आले. पत्रिका आता जुळत होती. सचिवांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि जपानमध्ये संस्थेचं नाव काढा म्हणाले. मला त्यांच्या तोंडावर कप फेकावासा वाटला. मी चहा पिऊन बाहेर आलो.

जायचं की नाही हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठरवता येत नव्हतं. तिथंही मी मदतनीसच असणार होतो. खरा मास्तर दुसराच, मी त्याच्या बाजूला उभा राहून उच्चार करून दाखवणार, आणि करारही वर्षावर्षाचा. इथं तासाचा बेकार, तिथं वर्षाचा. वर अण्णांची साखर, आईचे गुडघे, आणि बर्फ पडणारं ते कुठलंसं गाव. पण सकाळी कॉलेजला निघताना वाटायचं, चार महिन्यांनी या रस्त्यावर आपण नसू, आणि तेवढ्यानं मला बरं वाटायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या गावातल्याच शाळेत ते आधी शिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक होते. त्यांना विचारलं तर एवढंच म्हणाले, "तू ठरीव. मी हो बी म्हणत न्हाई आन् न्हाई बी म्हणत न्हाई."

मग तो मेल आला. मातृभाषा नसलेली भाषा शिकवायची असेल तर व्हिसासाठी बारा वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं हवं, शाळेचा तसा दाखला जोडा. माझी बी.ए., एम.ए.ची पाच वर्षं इंग्रजीतून झाली होती. सात वर्षं कमी पडत होती. पहिली ते सातवी मी अण्णांच्याच शाळेत शिकलो. ती शाळा नखशिखांत मराठी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, तेही अण्णाच शिकवायचे. गावातल्या जुन्या लग्नपत्रिका जमवून त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते शाईनं शब्द लिहायचे आणि दोरीला अडकवायचे. मला जेवढं इंग्रजी येतं त्याचा पाया त्या पत्रिकांवर आहे.

व्हिसाचं काम बघणाऱ्या पुण्याच्या एजंटला मी फोन केला. तो हसला. "सर, सगळे देतात. शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून आणा. आठ दिवस आहेत तुमच्याकडं."

शाळेचे आत्ताचे मुख्याध्यापक अण्णांचे विद्यार्थी. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाले, "काय लिहायचं तेवढं सांगा सर, शिक्का तयारच हाये." मी उठलो तसे जरा घुटमळले. "पण गुरुजींना एकदा इचारून घ्या. त्या सालाच्या जनरल रजिस्टरवर सही त्यांची हाये."

ते का घुटमळले हे आमच्या गावात कुणालाही सांगावं लागत नाही. आमच्या भागात जुन्या लोकांपैकी निम्म्यांचा जन्म एक जूनचा. पोरगं शाळेत घातलं की मास्तर तीच तारीख ठोकून द्यायचे. अण्णांनी ते कधी केलं नाही. ते घरी जायचे, म्हातारीला विचारायचे, पोळ्याच्या आधी झालं का नंतर, अवस होती का पुनव, आणि जुनी पंचांगं काढून खरी तारीख लिहायचे. पुढं याच खऱ्या तारखांनी लोकांचं वाटोळं केलं, असं गाव म्हणतं.

सगळ्यात मोठं वाटोळं माझ्या चुलत भावाचं झालं. तो माझ्यापेक्षा मोठा, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायचा. शेवटच्या भरतीच्या वेळी त्याचं वय दोन महिन्यांनी जास्त भरलं. चुलते अण्णांकडे आले. रजिस्टर अण्णांच्याच कपाटात होतं, तारीख अण्णांच्याच अक्षरात होती, एका आकड्याला जरासं पेन लावायचं होतं. चुलत्यांनी टोपी काढून अण्णांच्या पायावर ठेवली. अण्णा म्हणाले, "हे माझ्याच्यानं होणार न्हाई." चुलते उठून गेले ते मरेपर्यंत आमच्या दारात आले नाहीत. भाऊ आता पिकअप चालवतो. लग्नाकार्यात बोलायचा, पण आमच्या घरचा चहा घेत नव्हता.

म्हणून अण्णा काय म्हणणार, हे मला ठाऊक होतं. मी चार दिवस गप्प राहिलो. भांडणाची तयारी करत होतो म्हणा ना. कॉलेजच्या रस्त्यावर मोटारसायकलवर मी त्यांना मोठमोठ्यानं सुनवायचो. तुमच्या खरेपणानं कुणाचं भलं झालं? तुम्हाला आदर्श शिक्षक म्हणून एक नारळ तरी मिळाला का?

पाचव्या दिवशी अण्णा सकाळीच धुतलेला सदरा घालून बाहेर पडले. मुख्याध्यापकांनीच त्यांना सांगितलं असणार. दुपारी ते परत आले आणि माझ्यापुढं एक कागद ठेवला. शाळेचं लेटरहेड, खाली गोल शिक्का, सही. सदर विद्यार्थ्याचं पहिली ते सातवी शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं. मजकूर इंग्रजीत होता आणि तो अण्णांनी स्वतः सांगून टाईप करून घेतला होता. त्यात एकही चूक नव्हती.

"ज्यानं मागितलं त्याला न्हाई म्हणलो आजवर," ते म्हणाले. "तुला म्हणवत न्हाई. आता जा."

मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांचा राग आला. तेव्हा मला कळलं की मला त्यांचा नकारच हवा होता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी जन्मभर त्यांच्या नावानं बोटं मोडत भोकरदनला तास घेतले असते, आणि माझ्याबद्दल कुणी काही म्हटलं नसतं, मी स्वतःसुद्धा. त्यांनी माझी ती सोय काढून घेतली.

गावात असलं काही लपत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात पिकअप थांबली. भाऊ आत आला, कितीतरी वर्षांनी. आई गडबडून उठली. तो खुर्चीत न बसता खाली सतरंजीवर बसला.

"ऐकलं काका," तो म्हणाला. "बरं केलं तुम्ही. बिलकुल बरं केलं. पोराचं भलं होऊन राह्यलं तर मागं कशाला सरायचं?"

आईनं चहा आणला. त्यानं तो घेतला आणि शेवटपर्यंत प्यायला. आवाज चढवला नाही, टोमणा मारल्यासारखंही बोलला नाही. तो टोमणाच असता तर बरं झालं असतं.

"माझा दोन महिन्याचा सवाल होता काका. याचा सात वर्षाचा हाये."

अण्णा म्हणाले, "व्हय."

एवढंच. भाऊ उठला, आईच्या पाया पडला, मला म्हणाला, "जाय बाबा, तिकडं गेल्यावर फोटो धाड," आणि गेला. आईनं कपबशी उचलली नाही, मीही उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. भोकरदनला दुकानात जाऊन मी दाखला स्कॅन केला. मेल लिहिला, फाईल जोडली. मग फाईल काढली, आधीचा मजकूर पुसला आणि घरच्या अडचणींमुळे मला येता येणार नाही असं लिहून पाठवून दिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं. माझ्या कुटुंबाला उत्तम आरोग्य लाभो, असं त्यात होतं.

गावाबाहेर कुणाला सांगताना मी कधी भावाचं नाव पुढं करतो, कधी तत्त्वाचं. म्हणजे अण्णांना खोटं पाडून मला जायचं नव्हतं वगैरे. ऐकायला बरं वाटतं. खरं असं की दुकानात त्या खुर्चीवर बसलो तेव्हा माझ्या मनात भाऊ नव्हता, अण्णाही नव्हते. मला भीती वाटली होती. विमानाची, बर्फाची, त्या पोरांची. गच्चीवर उड्या मारणं वेगळं, आणि तिथं रोज उभं राहून सांगणं वेगळं की मी इंग्रजीचा माणूस आहे. सचिवांना शिव्या देत इथं राहणं मला जमत होतं. मी भित्रा निघालो.

घरी काही बोललो नाही. पंधरा दिवसांनी अण्णांनीच विचारलं. ते ओट्यावर बसून गावातल्या एका म्हातारीचा निराधार योजनेचा अर्ज लिहून देत होते. निवृत्त झाल्यापासून अर्धा गाव त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचा.

"जपानचं काय झालं?"

"न्हाई म्हणले ते," मी म्हणालो.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "दाखल्यामुळं?"

मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण त्या दाखल्याचा, त्या 'आता जा'चा राग अजून माझ्या पोटात होता. शिवाय नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशामुळं?

"हां," मी म्हणालो. "त्यांना खोटा वाटला."

अण्णांचा चेहरा पडला, असं म्हणणं कमी आहे. ते म्हातारीला म्हणाले, "उद्या या," आणि आत गेले. त्यानंतर महिनाभर ते शाळेकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस गेले आणि मुख्याध्यापकांना विचारून आले, जपानहून चौकशीचा काही कागद आल्ता का. आयुष्यात एकदा खोटं लिहिलं आणि तेही पकडलं गेलं, अशी त्यांची खात्री आहे. आपल्यामुळं पोराची नोकरी गेली, अशीही आहे. आईला त्यांनी तसं बोलून दाखवलंय.

एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकतो. दोन वर्षं झाली, ते वाक्य मी बोललेलो नाही.

ती म्हातारी दुसऱ्या दिवशी आली होती. अण्णांनी तिला परत पाठवलं. अजूनही कुणी अर्ज घेऊन आलं की ते ओट्यावरूनच हात जोडतात आणि म्हणतात, "दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या बाबा. माझ्या हातचं चालत न्हाई." मी आतच असतो. मला सगळं ऐकू येतं.