बाळंतिणीच्या खोलीतलं यंत्र

परदेशात एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरात कामाला असलेला आमचा चुलतभाऊ सुट्टीवर आला, तेव्हा बायकांना साबण, पुरुषांना दाढीची पाती आणि माझ्या आईला बशीएवढं एक पांढरं यंत्र देऊन गेला. "गॅस सुटला की बोंबलतं," एवढंच म्हणाला. कुठला गॅस, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरात गॅस म्हणजे एकच, सिलिंडरचा. महाळुंग्याच्या आमच्या घरी तो नवीनच आला होता आणि आई त्याला मारक्या बैलासारखी बिचकून असायची. माझ्या सख्ख्या भावाने यंत्र सिलिंडरच्या वर भिंतीला लावलं आणि आई निश्चिंत झाली.

त्याच पौषात माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली. हे तिचं दुसरं. पहिला मुलगा बरीच वर्षं आधी, अशाच थंडीत, आमच्याच घरात, दहा-बारा दिवसांचा होऊन गेला होता. सकाळी बघतो तर पोर गार. तिच्या सासरी, आळे गावात, सगळ्यांनी ठरवून टाकलं, हिने झोपेत अंगाखाली घेतलं. सासू चारचौघांत म्हणायची, "झोप न्हाई, मढं पडल्यावाणी पडती." वाईट याचं वाटायचं की बहिणीनेही ते मान्य केलं होतं. मी भांडायचे, तर मलाच गप्प करायची. पुढे कित्येक वर्षं कूस उजवली नाही. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी उंबऱ्यापर्यंत आली होती, तेवढ्यात दिवस गेले आणि आता मुलगी झाली होती. ही जगली तर बहीण आळ्याला नांदणार, नाहीतर नाही. इतकं ते सरळ होतं. म्हणून ती पोरीला जवळ घेऊन झोपायचीच नाही. टोपलीत ठेवायची आणि स्वतः भिंतीला टेकून बसून राहायची.

बाळंतिणीची खोली म्हणजे आईचं राज्य. खिडकीला गोणपाट, दाराला जुनी गोधडी, बाजेखाली शेगडी. बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माचं दुखणं, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल. आई कोळसे अंगणात फुलवायची. धूर पार संपून निखारे लालभडक झाले, की मगच शेगडी आत आणायची आणि वर ओव्याची चिमूट टाकायची. शेजारच्या बायकांच्या शेगड्या धुरकट असतात यावर ती नाक मुरडायची. "माझ्या शेगडीला धूर न्हाई," हे ती येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायची.

आधी यंत्र नुसतं 'चिक' करायला लागलं. एकदा वाजायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. आईला वाटलं पाल. प्रत्येक वेळी ती भाकरी थापायची थांबवून, जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. मी घोडेगावहून मदतीला आले होते. मी हसून भिंतीकडे बोट दाखवलं, तेव्हा ओशाळली. भावाने यंत्र उतरवलं, फुंकर मारली, कानाशी हलवलं, जुने सेल दातांत दाबून परत घातले. तरी चिक. मग टीव्हीच्या रिमोटसाठी आणलेले नवे सेल घातले आणि ते गप्प झालं. भाऊ मेकॅनिक झाल्यासारखा दिवसभर घरात मिरवला.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी ते वेगळंच ओरडायला लागलं. घाईघाईने चारदा, जरा थांबून पुन्हा चारदा. कान किटले. भाऊ म्हणाला, "सेल तर नवं हायेत. मशीनच खराब झालं." आई म्हणाली, "गॅस सुटलाय." रेग्युलेटर बंद केला. सिलिंडर अंगणात शेवग्याखाली नेऊन ठेवला. टाक्या पोचवणाऱ्याला बोलावलं, त्याने साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा नाही. "टाकी चांगली हाय, भाऊ. तुमचं खेळणंच बिघडलंय राव," म्हणून तो गेला. यंत्र ओरडतच होतं. मधल्या दारातून बहीण म्हणाली, "ताई, डोकं फुटाया लागलंय माझं. बंद करा ते." आम्ही समजलो, आवाजाने.

मग आम्ही आणखी एक शहाणपणा केला. सुटलेला गॅस बाळंतिणीकडे जाऊ नये म्हणून स्वयंपाकघर आणि तिची खोली यांतलं दार लावून घेतलं. फटीत आईने लुगड्याचा बोळा कोंबला, खाली पोतं सारलं. स्वयंपाकघराच्या खिडक्या मात्र सताड उघडल्या. थोड्या वेळाने यंत्र गप्प झालं. "व्हता थोडा, ग्येला निघून," भाऊ म्हणाला. आईने देवापुढे साखर ठेवली.

बहिणीला धीर यावा म्हणून मी यंत्र काढून पडवीकडच्या दाराने तिच्या खोलीत नेलं. "बघ, झालं गप्प. तुझ्या उशाशी ठेवते," म्हटलं. ती धड बघेना. मळमळतंय म्हणाली. "पित्त झालंय, जागून जागून," आई म्हणाली आणि तिने शेगडीत ताजे निखारे घातले. मी पोरीचं टोपडं नीट करत होते. तेवढ्यात उशाशी यंत्राने बोंब ठोकली.

सिलिंडर अंगणात होता. खोलीत आम्ही चौघी होतो आणि शेगडी होती. मी पोरीला उचललं तर ती ओल्या फडक्यासारखी हातावर लोंबली. आई दारात आडवी आली, "वारं लागंल तिला!" मी आईला ढकललं. जन्मात तेवढं एकदाच. पोरीला अंगणात उन्हात नेलं, भावाने बहिणीला धरून बाहेर आणलं. पोर रडेना. तळपाय चोळले, तोंडावर वारा घातला, देवाला नाही नाही ते बोलले. शेवटी मांजरीच्या पिल्लासारखं बारीक रडली, आणि मीच मोठ्याने रडायला लागले.

घोडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींना ऑक्सिजन लावला. खोलीत काय जळत होतं, ते विचारलं. म्हणाले, "कोंडलेल्या खोलीत निखारा विषारी वायू सोडतो. त्याला वास नसतो, धूर नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि लहान जीव आधी जातो." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी नेहमीचं विचारलं, हे पहिलंच का?

"दुसरं. पहिला गेला," बहीण म्हणाली.

"कशाने?"

"माझ्या अंगाखाली."

त्यांनी वर पाहिलं. "थंडीचे दिवस होते? शेगडी होती खोलीत?"

बहिणीने पोरीच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधली. आई दाराशी दुपट्यांची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्यानंतर बाळंतिणीच्या खोलीत आई लागेल ते दारातूनच द्यायची, आत पाऊल टाकायची नाही. जेवताना ताटावरून उठून जायची. मला तिची दया यायची आणि संतापही यायचा, आणि दोन्हीचं काय करायचं ते कळायचं नाही.

पोरीने बाळसं धरल्यावर मी आणि आई बहिणीला आळ्याला पोचवायला गेलो. सासूने भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीचं तोंड पाहिलं. आत गेलो तर खोली बंद करून, बाजेखाली शेगडी पेटवून ठेवलेली. तिने मायेनेच केलं होतं. बहिणीने पोर माझ्याकडे दिली, पदराने शेगडी धरून उचलली आणि अंगणात नेऊन पालथी केली. मग खिडकी उघडली. या घरात तिने कधी तांब्याही कुणाला न विचारता हलवला नव्हता.

सासू कडाडली, "एक दाबून मारलं, आता हिला गारठवून मारती का?"

तेव्हा आई पुढे झाली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "इहीणबाई, तिनं न्हाई मारलं. मी मारलं. शेगडी माझी व्हती. डागदरांनी सांगितलंय, त्या इंगळानंच पोर ग्येलं. माझ्या लेकीला बोलू नगा, मला बोला."

सासूचा चेहरा निवळला. तिने आईचा हात हातात घेतला आणि समजूत घालावी तसं म्हणाली, "असं कुटं असतं व्हय? आमच्या घरातली समदी बाळंतपणं शेगडीवरच झाली. लेकीसाठी आई कायबी आळ घेती अंगावर, आमाला का कळत न्हाई? तुमी जिवापाड केलं हो. तुमचा काय बी दोष न्हाई."

आत बहीण पोरीला पाजायला बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. आईने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण विहिणीने तो घट्ट धरून ठेवला आणि सुनेला हाक मारून आईसाठी चहा टाकायला सांगितलं.